दोन पंचांसमक्ष

ज्याला कुणालाही अटक करण्याचा अधिकार नव्हता, त्याच्याइतका पक्का पोलीस मी जन्मात पाहिला नाही.

आमच्या युनिव्हर्सिटीत तो सिक्युरिटीला होता आणि मी सफाईला. ‘आमच्या’ म्हणते, कारण तिथले संडास मी एकोणीस वर्षं घासले. शिकायला आलेल्यांपैकी इतकी वर्षं कुणी टिकलं नाही. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. धाकटा दीर इथे विलायतेत हॉस्पिटलात डॉक्टर. त्याने मला मुलं सांभाळायला गावाहून आणलं. मुलं मोठी झाली, जाऊबाईंना माझ्या फोडणीचा वास यायला लागला, तेव्हा मी हे काम धरलं. माझी हकिकत एवढी पुरे.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला राग येईल म्हणून नव्हे; आनंद होईल म्हणून.

सांगलीकडे कुठेतरी तो पोलिसात हवालदार होता. बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलने बोलावलं आणि तिच्या व्हिसावर हा आला, जसं सामान येतं तसा. बायको गाडी चालवत ड्युटीवर जायची, हा बसने. पहिल्या दिवशी माझी मराठी ऐकून तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, मी इथला सुरक्षा अधिकारी.”

मी म्हटलं, “अधिकारी आतल्या खोलीत बसतात. तुम्ही दारात आहात.”

त्याला सगळ्यांनी साहेब म्हणावं असं वाटायचं. मी हवालदार म्हणायची. गोरी मुलं त्याला ‘मेट’, म्हणजे दोस्त, म्हणायची. आमची देशी मुलं ‘अंकल’ म्हणायची, आणि त्याचा त्याला सगळ्यात जास्त राग. “मी यांचा अंकल कसा? यांच्या बापाला मी ओळखतो का?” असं तो मला विचारायचा, जणू मीच त्यांना शिकवून पाठवलं होतं.

इथल्या सिक्युरिटीवाल्याला काठी देत नाहीत. पिवळं चकाकतं जाकीट देतात, रेडिओ देतात आणि जखम झाली तर पट्टी कशी बांधायची याचा दोन दिवसांचा क्लास देतात. काठीवाचून याचा हात रिकामा राहीना. म्हणून त्याने एक लांब काळी छत्री आणली. ती काखेत धरून तो पोर्चपासून लायब्ररीपर्यंत गस्त घालायचा. पाऊस आला तरी ती उघडायचा नाही. एकदा भर पावसात कानांतून पाणी गळत असताना मी विचारलं, तर म्हणाला, “मावशी, छत्री उघडली की माणूस नागरिक दिसतो.”

अधिकाराचं मी त्याला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. इथल्या कायद्याने सिक्युरिटीवाल्याला जेवढा अधिकार, तेवढाच सफाईवालीला. तो कुणाला पकडू शकत असेल तर मीही पकडू शकते, आणि माझ्या हातात निदान मॉप तरी असतो. हे त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अटक नाही करता येत, ठीक आहे. पंचनामा तर करता येतो?”

पंचनामा हा त्याचा आजार होता.

काही घडलं, हरवलं, सांडलं, फुटलं, की हा खिशातून लाल पाठीची जाड वही काढायचा. मॅनेजरने दिलेल्या टॅबलेटवर तो इंग्रजीत एका ओळीचा रिपोर्ट टाकायचा, कारण ते करावंच लागे. खरं काम वहीत, मराठीत. मी विचारलं, दोनदा कशाला? तर म्हणाला, “इंग्रजीत मी रिपोर्ट देतो. झालेलं लिहायचं तर मराठीत.” आणि पंचनाम्याला लागतात दोन पंच, म्हणजे साक्षीदार. तेही प्रतिष्ठित आणि ज्यांचा प्रकरणाशी संबंध नाही असे. मी प्रतिष्ठित आहे हे मला वयाच्या साठीत त्याच्याकडून कळलं. दुसरा पंच म्हणजे चॉकलेटच्या मशीनमध्ये माल भरायला येणारा एक वेल्श माणूस. तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्याचा आमच्या कशाशीच संबंध नव्हता. हवालदार त्याला बाहीला धरून आणायचा. वेल्श माणूस वहीतल्या अक्षरांकडे कौतुकाने पाहायचा, हवालदाराने मोडक्या इंग्रजीत सांगितलेला मजकूर ऐकायचा, मान हलवायचा आणि खाली लांबलचक सही करायचा. आयुष्यात त्याची सही कुणी एवढ्या मानाने मागितली नसावी.

स्टाफच्या किचनमधल्या फ्रिजमधून माझं दूध कमी व्हायचं. मी हे चिडून, सहज बोलून गेले. पाच मिनिटांत फ्रिजसमोर पंच हजर. ‘निळ्या झाकणाची प्लास्टिकची बाटली एक, आत अंदाजे चार बोटं दूध, बाटलीवर मराठीत “हात लावू नका” असा मजकूर.’ मी म्हटलं, “हवालदार, हा मजकूर इथे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही.” त्याने तेही लिहून घेतलं. चोर सापडला नाही. माझा संशय आजही त्याच्यावरच आहे.

एकदा हॉस्टेलमध्ये कुणीतरी टोस्ट जाळला आणि फायर अलार्म वाजला. अशा वेळी सिक्युरिटीने मुलांना लांब हिरवळीवर न्यायचं आणि फायरवाल्यांची वाट बघायची, एवढंच काम. याने त्यांना ओळीत बसवलं. अंघोळीतून तसाच टॉवेल गुंडाळून आलेला एक मुलगा थंडीने कुडकुडत होता. हा वही उघडून त्याच्यासमोर उभा राहिला.

“नाव?” मुलाने सांगितलं. “वय?” तेही सांगितलं. “धंदा?”

“फिलॉसॉफी,” मुलगा म्हणाला.

हवालदार थांबला, पेन झटकलं आणि म्हणाला, “धंदा विचारला.”

 मला वाटतं, तो मुलगा अजून उत्तर शोधत असेल.

असा हा माणूस. पण त्याला एक गोष्ट मनापासून हवी होती. आमच्याकडचे सिक्युरिटीवाले बाहेरच्या एका कंपनीचे होते. आज इथे, उद्या दुसरीकडे. आणि मग एक दिवस युनिव्हर्सिटीने स्वतःच्या पगारपटावर एक जागा काढली, ‘कॅम्पस ऑफिसर’. छातीवरच्या पट्टीवर ऑफिसर असं लिहिलेलं असणार. गावी सगळ्यांना तो आधीच ऑफिसर झाल्याचं माहीत होतं. दुसऱ्या कुणाची तरी टोपी घालून काढलेला फोटोही सासऱ्यांच्या भिंतीवर लागला होता. इथे तेवढं व्हायचं बाकी होतं.

जाहिरातीचा कागद त्याने मला वाचून दाखवला. दारं उघडणं, बंद करणं. गस्त. कॅमेऱ्यावर लक्ष. हरवलेल्या वस्तू. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या. आजारी माणसाला प्रथमोपचार. पोलीस आले तर त्यांना मदत. चिडलेल्याला शांत करणं. पुरावा जपून ठेवणं. इथपर्यंत तो माना डोलावत होता. मग पात्रता. सिक्युरिटीचं लायसन्स, ते होतं. ड्रायव्हिंग लायसन्स, ते बायकोकडे होतं. आणि ‘निरनिराळ्या समाजांतल्या लोकांबरोबर काम करण्याची हातोटी’.

“हे काय असतं, मावशी?”

“म्हणजे तुम्ही,” मी म्हटलं. “पण तुम्ही असून भागत नाही. तुम्हाला तुमच्याशी नीट वागता आलं पाहिजे.”

बावीस वर्षं पोलिसात काढली हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला सापडेना. तसा रकाना नव्हताच. शेवटी त्याने ते ‘छंद’ या रकान्यात लिहिलं.

मुलाखतीची तयारी मी करून घेतली. मी मॅनेजर झाले.

“समजा एक मुलगा बाकावर दारू पिऊन पडला आहे. काय कराल?”

“नाव, वय, धंदा, पत्ता.”

“तो बेशुद्ध आहे.”

“मग बाकावरच्या दुसऱ्याचं.”

“हवालदार, त्याला कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. हे मला कळतं, मी चौथी शिकले.”

“ते करायचंच असतं, मावशी. ते काय सांगायचं?” असं म्हणून तो हिरमुसला.

याच दिवसांत मुलांनी बंड केलं. युनिव्हर्सिटी एक विभाग बंद करायला निघाली होती, जर्मनचा की कसला. ज्यांनी जर्मनचा ज सुद्धा कधी वाचला नव्हता अशी साठ-सत्तर मुलं चिडली. त्यांनी ठरवलं, जुन्या इमारतीतला मोठं सभागृह ताब्यात घ्यायचं आणि आत ठाण मांडून बसायचं. पुढे होती एजवेअरची एक मुलगी. आईबाप मराठी, ही तिथेच जन्मलेली, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. गळ्यात उपरणं, हातात कर्णा. दुपारी जेवणानंतर ही सगळी घोषणा देत जिन्यावरून वर आली, आणि दारात हा. छत्री आडवी.

मी तिथेच जिना पुसत होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्याने मॅनेजरला रेडिओवर कळवलं. उत्तर आलं की अडवू नकोस, हात लावू नकोस, जाऊ दे. ठीक. पण तो दारातून हलेना. मुलीने कर्णा खाली घेतला आणि मराठीत सुरू झाली, कारण तिला वाटलं त्याने बरं पडेल.

“अंकल, प्लीज. आम्ही हा खोली घेणार आहे. तुम्ही बाजूला व्हा ना.”

“घ्या. मी कुठे नको म्हणतोय?” हा म्हणाला. “पण ताबा घेण्याआधी पंचनामा होईल. आत काय आहे, कसं आहे, सगळं. तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. आणि अंकल म्हणायचं नाही.”

“किती वेळ लागेल?”

“लागेल तेवढा. रांग लावा.”

आणि त्यांनी लावली. मी देवाशप्पथ सांगते, त्यांनी रांग लावली. या देशातल्या माणसाला रांग लावा म्हटलं की त्याच्या हातून दुसरं काही होत नाही. क्रांती चाळीस मिनिटं जिन्यावर रांगेत उभी होती. मधून कुणीतरी पुढे घुसायला बघत होता, त्याला बाकीच्या क्रांतिकारकांनी मागे पाठवलं.

मला बादलीसकट आत घेतलं, आणि मशीनवाला वेल्श माणूस तर खुषीतच आला. हवालदाराने खुर्च्या मोजल्या, पडदे मोजले, भिंतीवरच्या मेलेल्या कुलगुरूंची चित्रं मोजली आणि मग दारापाशी आला. ते दार म्हणजे युनिव्हर्सिटीचा अभिमान: ओकचं, दोन फळ्यांचं, वर रंगीत काचा. ‘उजव्या फळीच्या काचेस खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर गेलेली सुमारे एक वीत लांबीची भेग. भेगेवर पारदर्शक चिकटपट्टी. पट्टी पिवळी पडलेली, कडांना धूळ.’ मी सही केली. वेल्श माणसाने केली. मग ताबा घेणाऱ्यांच्या वतीने त्या मुलीचीही घेतली. तिने काय लिहिलंय ते विचारलं, त्याने वाचून दाखवलं, तिला निम्मं कळलं. मग हा बाजूला झाला आणि म्हणाला, “आता घाला धिंगाणा.”

टॅबलेटवर त्याने इंग्रजीत रिपोर्ट टाकला. ‘विद्यार्थी आले. रांग चांगली. बाकी ठीक.’

मुलं सहा दिवस बसली. जर्मनचं काही झालं नाही. तो विभाग बंद पडला. मुलं घरी गेली, आम्ही खरकटं काढलं. पंधरा दिवसांनी ती एजवेअरची मुलगी माझ्या झाडू-बादलीच्या खोलीत आली. उपरणं नव्हतं. हातात पत्र. दाराची शंभर वर्षांची काच बंडात तडकली, आणि पुढारी म्हणून जबाबदारी तिची, असं त्यात होतं. चौकशी बसणार. दोषी ठरली तर युनिव्हर्सिटीतून नाव काढणार. आणि नाव काढलेल्या मुलीला पुढे वकील कोण होऊ देतो?

“आजी, तो दार आधीच तुटलेली होती. अंकलनी लिहिला होता ना? तुम्ही पण होते तिथे.”

“काच म्हण. दार शाबूत आहे. त्यांच्याकडे गेली होतीस का?”

“गेली. ते म्हणाले अर्ज करा. तोंडी नाही चालत.”

मी त्याला गाठलं आणि दोन शब्द सुनावले. पोरीचं आयुष्य चाललंय आणि तुम्ही अर्ज मागता? तो म्हणाला, “मावशी, या पोरांना मी चाबकाने फोडून काढलं असतं. आयतं खाऊन ठाण मांडून बसायचं म्हणजे काय? पण वही तिने मागितली पाहिजे आणि लेखी मागितली पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको की हवालदाराने नात्यातल्या पोरीला दिली.”

“ती तुमच्या कुठल्या नात्यात आहे?”

“ती अंकल म्हणते ना.”

मुलीने अर्ज लिहिला. इंग्रजीत. त्याने त्यावर आवक नंबर घातला, एक. आणि बहुतेक त्याच दिवशी मॅनेजरलाही कळलं.

आमची मॅनेजर ठेंगणी, गोरी, सतत हसणारी बाई. राग आला की आणखी हसायची. तिने त्याला खोलीत बोलावलं तेव्हा मी तिचा बिन रिकामा करत होते. सफाईवाली खोलीत असली की लोक खोली रिकामी आहे असं समजून बोलतात. युनिव्हर्सिटीतलं माझं सगळं शिक्षण असं झालं.

“तुझी ती वही,” ती म्हणाली. “ती काही ऑफिशियल नाही ना?”

“माझी आहे, मॅडम.”

“तेच म्हणते. सिस्टीममध्ये तुझा रिपोर्ट आहे. त्यात दाराचं काहीच नाही. म्हणजे वही खाजगी झाली. खाजगी कागद चौकशीत आणायची सक्ती कुणावरच नाही.” मग ती खूप हसली. “पुढच्या शुक्रवारी तुझी मुलाखत आहे. माझी तुझ्यावर फार मदार आहे बरं का.”

मी बिनला नवी पिशवी लावली. जरा जास्तच वेळ लावली. तो वळून निघाला. बाहेर पडला तेव्हा छत्री तिच्याच खोलीत राहिली होती.

पुढचे दोन दिवस त्याची गस्त नावालाच होती. मुलं कुठेही सायकली लावत होती, तो बघत नव्हता. त्याच्यापुढे काय होतं ते मला कळत होतं. वही काढली की ऑफिसर व्हायचं राहिलं. सासऱ्यांच्या भिंतीवरचा फोटो खोटा तो खोटाच. वही नाही काढली तर पोर गेली. आणि मलाही पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. पंच म्हणून खाली सही माझी होती. मी घाबरले होते का? होते. म्हातारपणी माणूस शूर होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी या देशात गॅसचं बिल भरून बघावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. “मंगळवारी चौकशीला हजर राहायचंय. पंच क्रमांक एक.”

“आणि शुक्रवार?”

“शुक्रवार मंगळवारनंतर येतो,” तो म्हणाला आणि गेला.

चौकशीला टेबलामागे तिघं होते. मॅनेजर भिंतीपाशी हसत होती. वही मराठीत म्हणून कुठल्याशा एजन्सीची दुभाषी बाई फोनवर घेतली होती, फोन टेबलाच्या मधोमध. हवालदार उभा राहून वाचू लागला. “आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की...” दुभाषी बाईला दोन ओळींतच धाप लागली. ‘सदर’ काय, ‘नमूद’ काय, ‘इसम’ काय. पण भेग, वीत, चिकटपट्टी आणि धूळ तिने बरोबर पोचवली. टेबलामागच्या एकाने आपली वीत पसरून बघितली.

वेल्श माणूस टाय घालून आला होता. त्याला विचारलं, ही सही तुमची? तो म्हणाला, “माझीच. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही चिकटपट्टी माझ्या व्हॅनपेक्षा म्हातारी आहे.”

मग मला विचारलं की तुम्हाला ती भेग एवढी नक्की कशी आठवते.

“दर मंगळवारी ती काच मी पुसायची. पट्टीच्या कडेला फडकं अडकायचं. मेंटेनन्सला तीनदा सांगितलं.”

“लेखी?”

“मी चौथी शिकले,” मी इंग्रजीत म्हटलं. पुढचं मराठीत म्हटलं, “तुम्ही एवढे शिकलात, पण कानाने ऐकायचं कुणी शिकवलं नाही वाटतं.” फोनमधल्या बाईने त्याचं काय केलं देव जाणे. कुणी हसलं नाही. मॅनेजरसुद्धा नाही.

मुलगी सुटली. दाराच्या बाबतीत ‘गैरसमज’ झाला होता असं पत्र तिला आलं. ती धावत आली, हवालदाराला मिठी मारायला निघाली. त्याने रेडिओ मध्ये धरला. म्हणाला, “सायकल स्टँडला लावत जा.”

शुक्रवारी तो कडक इस्त्रीची पँट घालून मुलाखतीला गेला. चांगल्या ऑफिसरला सगळ्यात आवश्यक काय, असं विचारलं. हा म्हणाला, “दोन पंच.” जागा एका चोवीस वर्षांच्या मुलाला मिळाली. त्याच्याकडे पदवी आहे, ड्रायव्हिंग लायसन्स आहे, आणि आपल्याला अटकेचा अधिकार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, त्यामुळे तो काहीच करत नाही. हवालदाराला पत्र आलं. ‘आपल्या भूमिकेच्या मर्यादांची जाण वाढण्यास वाव आहे.’ सही हसऱ्या बाईची.

मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. मला वाटलं, आता तो आरडाओरडा करेल, इंग्रजांना शिव्या देईल. मी त्या तयारीनेच गेले होते, शिव्या ऐकायला मला आवडतात. पण तो किचनच्या स्टुलावर नुसता बसला होता. मी म्हटलं, “बरं केलंत. मला नव्हतं वाटलं तुमच्यात एवढी धमक असेल.”

तो म्हणाला, “धमक नाही, मावशी. मी पूर्वी एक खोटा पंचनामा लिहिला होता.”

“एकच?”

“नाही. पण एक राहिलाय डोक्यात.”

मग त्याने सांगितलं. त्याच्या ठाण्याच्या हद्दीत एका वकिलाच्या घरातून सोन्याच्या पाटल्या गेल्या. वकिलाचा संशय धुणीभांडी करणाऱ्या बाईवर. वरून हुकूम आला, आजच्या आज उरकून टाका. याने ठाण्यातच बसून पंचनामा लिहिला. पंच म्हणजे समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे, नेहमीचे, चहावर सही करणारे. बाईच्या घरझडतीत तांदळाच्या डब्यात पाटल्या मिळाल्या, असं लिहिलं. पाटल्या वकिलानेच आणून दिल्या होत्या.

“तिचं घर पाहिलं होतं का तुम्ही?”

“नाही.”

“मग डबा?”

“पत्र्याचा, झाकणाचा, असं लिहिलं. अक्षर फार चांगलं होतं माझं तेव्हा.” तो कपाकडे बघत होता. “कोर्टात ती म्हणाली, साहेब, माझ्या घरी डबाच नाही. मी तांदूळ पिशवीत ठेवते. सगळे हसले. मीही हसलो. दीड वर्षाची शिक्षा झाली तिला. मला शाबासकी मिळाली.”

मी जन्मभर दुसऱ्यांचा केर काढला आहे. दिराच्या घरीसुद्धा एकदा बांगडी हरवली होती आणि ती सापडेपर्यंतचे तीन दिवस माझ्या अजून लक्षात आहेत. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा अर्धा होता.

“नाव आठवतं तिचं?”

“पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता.”

“मग पत्र लिहा.”

“काय लिहू?”

“जे झालं ते. इथे येऊन दुधाच्या बाटलीचं लिहिता तेवढ्या मन लावून लिहा.”

आठ दिवसांनी त्याने कागद आणला. ‘सदर महिला हिच्या घरझडतीबाबत कळविण्यात येते की.’ मी परत केला. म्हटलं, माणसासारखं लिहा. दुसरा आणला, त्यात स्वतःच्या बढतीचं आणि वरिष्ठांच्या दबावाचं होतं. तोही परत केला. तिसरा एक पानाचा होता. त्यात साहेब नव्हते, हुकूम नव्हता. ‘मी तुमचं घर पाहिलं नव्हतं. डबा मी मनाने लिहिला.’ मी सावकाश वाचला, मला वेळ लागतो, आणि म्हटलं, हा टाका. खाली परतीचा पत्ता त्याने माझा घातला, कारण बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

पुढे बायकोला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात जागा मिळाली आणि ती मंडळी तिकडे गेली. तिकडे तो एका मॉलच्या दारात असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. माझी तब्येत विचारत नाही, स्वतःची सांगत नाही.

“मावशी, काही आलं?”

“नाही.”

“बरं,” म्हणतो आणि ठेवतो.

पोस्टात गहाळ झालं असेल, बाईने घर बदललं असेल, असलं काही मी त्याला सांगत नाही. पत्र पोचलं आहे असंच मी धरून चालते. तिच्या जागी मी असते, तर मीही उत्तर दिलं नसतं.